माहेरच्या घराची किंमत

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' असं आपल्याकडे म्हणतात. मैत्रिणींनो, लग्न तर आपण करून पाहिलेलंच आहे. घरही कुणी बांधून, कुणी हप्ते फेडून पाहिलं असेल. पण घर मोजून मात्र आपण कधी पाहत नाही. जागेच्या किमतीचं बोलणं निघालं, की ते पुरुषमंडळींचं म्हणून चहाचे कप गोळा करायचे आणि आत जायचं, ही आपली रीत. माझीही तीच होती. २०२४ च्या मे महिन्यात मात्र मला बाहेरच्या खोलीत बसून राहावं लागलं. त्याचीच ही हकिकत.

माझं माहेर सांगलीचं, गावभागातलं. कृष्णेचा घाट चालत पाच मिनिटांवर. आप्पांनी १९८३ साली जागा घेतली आणि १९८५ मध्ये तिथं घर बांधलं. विटांच्या भिंती, वर स्लॅब, पुढं ओटा, मागं तुळस आणि परसात पारिजातक. दादा, ताई आणि मी, तिघं त्याच घरात वाढलो. नदी इतकी जवळ असल्याचं लहानपणी अप्रूप वाटायचं. पुढं २००५ साली पाणी दारात आलं, २०१९ साली घरात शिरलं आणि २०२१ साली पुन्हा आलं. तेव्हा ते अप्रूप ओसरलं. प्रत्येक पुरानंतर आप्पा माजघराच्या दारामागं भिंतीवर पेन्सिलीनं एक रेघ मारत आणि शेजारी साल लिहीत. २०२२ मध्ये आप्पा गेले. रेघा राहिल्या.

आप्पा गेल्यावर दीड वर्षानं दादाचा फोन आला. म्हणाला, "दोन पुरांनी भिंती आतून सादळल्यात. खालची फरशी, वायरिंग, दारं, सगळंच नीट करायला हवं. बँकेचं कर्ज काढतोय. पण घर अजून आप्पांच्या नावावर आहे. तुम्ही दोघी हक्कसोडपत्रावर सही करून गेलात की काम होईल. साडीचोळीचे म्हणून दोघींना दोन-दोन लाख देईन."

मी फोनवरच 'हो' म्हणून टाकलं. खरं सांगते, क्षणाचाही विचार केला नाही. आईला सांभाळतो दादा, आप्पांचं आजारपण काढलं वहिनीनं. आपण वर्षातून दोनदा जाणार, चार दिवस लोळणार, पापड-लोणची बांधून परत येणार. आपण कसले हक्क सांगायचे? आणि खरी भीती वेगळीच होती. पैशाचं बोलले आणि माहेर तुटलं तर?

फोन ठेवला तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "सही कर, नको कर, तो तुझा प्रश्न. पण काय सोडते आहेस ते आधी बघून घे. मी माझ्या भावाच्या कागदावर ओसरीवर बसूनच सही केली. कागद वाचलासुद्धा नाही. पुढं त्या जागेवर तीन मजली इमारत उभी राहिली. पैसे मिळाले नाहीत याचं मला काही नाही. भावालाच द्यायचे होते. पण किती दिलं हे मला आजतागायत माहीत नाही. दिलं म्हणायलासुद्धा किती दिलं ते कळायला हवं ना?"

तेवढं बोलून त्यांनी मेथीची जुडी पुढं ओढली. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. आमच्या ह्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुझं माहेर. मी यात बोलणार नाही." हेही बरंच झालं म्हणायचं.

शाळेला सुट्टी लागली होती. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. बी. ए. ला मराठी होतं, पण सहावीच्या गणिताचे तासही माझ्याच गळ्यात आहेत. क्षेत्रफळाची उदाहरणं मुलांना घालता घालता माहेरच्या घराचं उदाहरण आपल्याला कधी सुटेल का, असा विचार मनात येऊन गेला. कराडहून अर्ध्या तिकिटात एस. टी. नं सांगलीला गेले. कोल्हापूरहून ताई आली होती.

पहिल्याच रात्री आकड्यांवरून वातावरण तापलं. दादा म्हणाला, "एजंट म्हणतो, पुराचं घर, पंचवीस लाखांच्या वर कुणी हात लावणार नाही." ताई म्हणाली, "पलीकडच्या कोपऱ्यावरचं घर ऐंशी लाखांना गेलं, अख्ख्या गल्लीला माहीत आहे." पंचवीस आणि ऐंशी! एकाच गल्लीतल्या घरांचे हे दोन आकडे. दोघंही खोटं बोलत नव्हते. दोघांनीही ऐकीव आकडा धरला होता, आणि तोही आपल्याला सोयीचा. वहिनी न बोलता ताटं उचलून आत गेल्या. तेव्हा मी म्हटलं, "आपण घराचं मूल्यांकन करून घेऊ. माणूस एकच बोलावू आणि त्याची फी तिघं मिळून देऊ, म्हणजे तो कुणाचाच नाही." दादा जरा घुश्शातच 'बरं' म्हणाला.

दोन दिवसांनी मूल्यांकनकार आले. आपण बोलताना ज्यांना 'व्हॅल्युअर' म्हणतो ते. मला वाटलं होतं, घरभर हिंडतील, छान म्हणतील किंवा नाक मुरडतील आणि एक आकडा सांगतील. तसं काहीच झालं नाही. त्यांनी आधी कागद मागितले. सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, खरेदीखत, महापालिकेनं मंजूर केलेला नकाशा, घरपट्टीची पावती. कागद पाहून झाल्यावर म्हणाले, "काकू, मी घर बघायच्या आधी घराचा मालक कोण आणि जागा नेमकी किती ते बघतो. कागदात गुंता असला, तर संगमरवर घातला तरी किंमत खाली येते." आईनं आप्पांची पत्र्याची पेटी उघडली. चाळीस वर्षांपूर्वीचा नकाशा घडीवर जरासा फाटला होता, पण होता. सगळे कागद मिळाले याचं त्यांनाच नवल वाटलं.

मग टेप लावून मोजमाप झालं. जागा १८६ चौरस मीटर, म्हणजे साधारण २००० चौरस फूट. चौरस मीटरचे फूट करायला १०.७६४ नं गुणायचं. बांधकाम १२०० चौरस फूट. त्यांनी समोरचा रस्ता किती रुंद आहे ते मोजलं, घराची रस्त्याकडची बाजू किती फुटांची आहे तेही मोजलं, मोठं वाहन दारापर्यंत येतं का ते विचारलं. मी एकेक गोष्ट विचारत गेले आणि तेही न कंटाळता सांगत गेले. त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत सांगते.

आपण 'घराची किंमत' म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या किमती असतात. एक जागेची आणि एक बांधकामाची. बांधकाम दरवर्षी थोडं थोडं झिजतं, म्हणून त्याची किंमत उतरत जाते. जागा झिजत नाही. गाव वाढेल तशी तिची किंमत बहुतेक वाढते. जुन्या स्वतंत्र घराला जो भाव येतो, तो मुख्यतः पायाखालच्या जागेचा.

जागेचा दर ठरवायला ते आसपासचे अलीकडे नोंदणी झालेले व्यवहार पाहतात. नोंदणी झालेले, गल्लीत ऐकलेले नव्हेत. आणि ते व्यवहार तसेच्या तसे लावतही नाहीत. ताईनं सांगितलेलं ऐंशी लाखांचं घर कोपऱ्यावरचं, दोन रस्त्यांना लागून, जागा आमच्या जवळजवळ दुप्पट आणि खाली दुकानगाळे. ते आमच्या घराशी कसं जुळायचं? दादाच्या एजंटाचा आकडा मात्र अडचणीत सापडलेल्या माणसाच्या घाईच्या विक्रीवरून आलेला. 'उद्या पैसे हवेत' म्हणून विकलेल्या घराचा भाव हा बाजारभाव नव्हे. घेणाऱ्याला घाई नाही, देणाऱ्याला अडचण नाही आणि दोघांनाही सगळी माहिती आहे, अशा वेळी जी किंमत ठरेल ती बाजारभावाची.

"आणि ते रेडी रेकनर?" दादानं विचारलं. तेही समजलं. आपल्या राज्यात नोंदणी व मुद्रांक विभाग भागाभागाचे बाजारमूल्य दर ठरवून जाहीर करतो. बोलीभाषेत त्यालाच रेडी रेकनर म्हणतात. हे दर त्या विभागाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. ठरलेली किंमत आणि या दरानं निघणारी किंमत, यातली जी जास्त असेल तिच्यावर मुद्रांक शुल्क भरायचं, यासाठी तो तक्ता. पण एका अख्ख्या भागाला एकच दर असला, तर तुमच्या बोळात रिक्षा शिरत नाही किंवा तुमच्या दारात पाणी येतं, हे त्या तक्त्याला कुठून कळणार? म्हणून तो हाताशी ठेवायचा, पण तीच आपल्या घराची किंमत असं समजायचं नाही.

आता पाण्याचं. माजघरात आल्यावर दादा दार उघडंच धरून उभा राहिला. दार पूर्ण उघडलं की मागची भिंत झाकली जाते. माझ्या लक्षात आलं, ताईच्याही आलं. आप्पांच्या रेघा दाराआड होत्या. मूल्यांकनकारांनी सहज विचारलं, "२०१९ ला पाणी किती होतं?" कुणीच बोलेना. आईच उठली, दादाला बाजूला केलं, दार लोटलं आणि म्हणाली, "ह्यांनी लिहून ठेवलंय." त्यांनी टेप लावला. जमिनीपासून ४ फूट ७ इंच.

मैत्रिणींनो, त्या एका रेघेनं आमच्या घराची किंमत उतरवली. नदीकाठच्या गावात दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते आणि निळ्या-लाल रेषांच्या मध्ये निर्बंध असतात. त्यामुळं पूररेषेतल्या जागेवर पुढं काय बांधता येईल यालाच मर्यादा पडते आणि जागेचा दर घसरतो. नियमात 'पंचवीस वर्षांतून एकदा' म्हटलं असलं तरी आमच्या दारात सोळा वर्षांत तीनदा पाणी आलं, हे घेणाऱ्यालाही माहीत असतं. आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, हे सांगलीत शाळेतली पोरंही सांगतील. लपवून उपयोग काय? उलट त्या गृहस्थांनी सांगितलं, "रेघ होती म्हणून बरं. नाहीतर मला अंदाजानं जास्तच पाणी धरावं लागलं असतं."

मग घर. आईनं पुरानंतर हौसेनं रंग दिला होता. स्वयंपाकघराच्या ओट्याला नवा कडाप्पा घातला होता. त्यांनी रंगाकडं पाहिलंही नाही. भिंतीच्या कोपऱ्यात ओल कुठवर चढली आहे, स्लॅबखालचा गिलावा कुठं सुटला आहे, कुठली तडे वाढत आहेत, ते बघितलं. आई मागोमाग फिरत होती. शेवटी परसदारी आल्यावर तिनं विचारलं, "आणि या पारिजातकाचं काय लावलंत?" ते हसले, पण हेटाळणीनं नव्हे. म्हणाले, "काकू, आमच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही हो."

आठ दिवसांनी अहवाल आला. तो मी सहावीच्या उदाहरणासारखा फळ्यावर मांडावा तसा मांडते. जागा २००० चौरस फूट, दर २००० रुपये, म्हणजे ४० लाख. आज तसंच १२०० फुटांचं घर नव्यानं बांधायचं तर फुटाला १८०० रुपयांप्रमाणे २१ लाख ६० हजार लागले असते. पण घर चाळीस वर्षांचं. अशा बांधकामाचं आयुष्य त्यांनी ६० वर्षं धरलं. शेवटी उरणाऱ्या लोखंडालाकडाचे १० टक्के बाजूला ठेवून बाकीची किंमत वर्षांवर वाटली, तेव्हा ६० टक्के घसारा निघाला. उरले ४० टक्के, म्हणजे ८ लाख ६४ हजार. एकूण ४८ लाख ६४ हजार. पंचवीसही नाहीत आणि ऐंशीही नाहीत. हे दर आमच्या घरापुरते, तुमच्या गावाचे निराळे असणार. रीत मात्र हीच.

ताईनं लगेच पेन्सिल घेतली आणि तीननं भागायला लागली. मीही मनात तीननंच भागत होते.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "घर वडिलांनी स्वतःच्या कमाईचं घेतलं होतं? मृत्युपत्र नाही? आई हयात आहेत? मग तीन नाहीत, चार हिस्से." १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, मुलगा आणि मुली यांचा सारखा वाटा असतो. मुलींना हक्क २००५ साली मिळाला असं आपण ऐकतो, ते वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानं मिळणाऱ्या हक्काबद्दल आहे. बापाच्या स्वकष्टार्जित घरात मुलीचा आणि बायकोचा वाटा १९५६ पासूनच आहे.

आई खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिनं हळूच विचारलं, "माझासुद्धा आहे का?"

मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. दादानं दोन लाख म्हटले म्हणून आम्ही बहिणी मनातून दुखावलो होतो. पण आईला तर आम्ही तिघांपैकी कुणीच धरलं नव्हतं. जिनं चाळीस वर्षं ते घर सारवलं, झाडलं, तीन वेळा गाळातून उपसून काढलं, तिला आम्ही त्या घरातली एक वस्तू धरून बसलो होतो. पारिजातकासारखीच. तिलाही आमच्या हिशेबात रकाना नव्हता.

घरी आल्यावर त्या रात्री कुणाचा आवाज चढला नाही. दादानं आपण होऊन पावत्यांची पिशवी आणली. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर त्यानं घरात ३ लाख २० हजार घातले होते. अहवालात ते वेगळे दिसत नाहीत, कारण मूल्यांकनकार आज घर कसं आहे ते बघतो, कुणाचे पैसे गेले ते बघत नाही. ते बघायचं काम घरच्यांचं. ते वजा केले. उरले ४५ लाख ४४ हजार, चौघांत प्रत्येकी ११ लाख ३६ हजार. आईचा चौथा हिस्सा आईच्याच नावावर ठेवायचा, हे आधी ठरलं. ताईनं आणि मी आपापला हिस्सा दादाला द्यायचा आणि त्यानं ११ लाख द्यायचे, ताईला लगेच आणि मला वर्षभरात. वरचे छत्तीस-छत्तीस हजार आम्ही नणंदांनी वहिनींना साडीचोळी म्हणून सोडले. वहिनी रडल्या. आप्पांच्या आजारपणात त्या कधी रडलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

तुम्ही म्हणाल, घेतलेसच ना शेवटी पैसे? हो, घेतले. सोडले असते तरी चाललं असतं, असं मला आजही वाटतं. एखादीचा भाऊ अडचणीत असेल, तर तिनं खुशाल सगळं सोडावं. पण आकडा बघून, कागद वाचून, स्वतःच्या मनानं सोडावं. दादालाही ते सोपं गेलं. 'बहिणींचं बुडवलं' हा सल त्याच्या मनात राहिला नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हक्क नुसता प्रेमानं सोडणं आणि पैसे घेऊन सोडणं, यांचे मुद्रांक शुल्काचे आणि कराचे हिशेब वेगळे असतात. दस्त करण्याआधी वकिलांना आणि कराच्या सल्लागाराला विचारून घ्या. घर २००१ च्या आधीचं असेल, तर कराच्या हिशेबासाठी १ एप्रिल २००१ रोजीची किंमत धरता येते. त्या तारखेचं मूल्यांकनही लागेल का, तेही त्यांनाच विचारा.

आता फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मैत्रिणी म्हणतील, आम्हाला ना जागा, ना परस. त्यांच्यासाठी ताईचा पुढचा अनुभव सांगते. ताईनं आपल्या पैशांत भर घालून कोल्हापुरात अठरा वर्षांचा जुना फ्लॅट घ्यायचं ठरवलं. मालकानं ३८ लाख सांगितले. आत चकाचक फर्निचर, छताला दिवे, बाल्कनी बंद करून काढलेली छोटी खोली. ताई भुलली. बँक किमतीच्या ८० टक्के कर्ज द्यायला तयार होती. पण बँकेच्या मूल्यांकनकारानं किंमत धरली ३४ लाख. कारण बँक मालकाच्या तोंडच्या किमतीवर कर्ज देत नाही, आपल्या मूल्यांकनावर देते. ३० लाख ४० हजारांच्या जागी कर्ज बसलं २७ लाख २० हजार. वरचे ३ लाख २० हजार ताईच्याच पदरचे जाणार होते.

किंमत का उतरली? मालक ८५० फूट म्हणत होते, पण त्यात जिना, लिफ्ट, भिंती सगळं धरलेलं. चटई क्षेत्र, म्हणजे कार्पेट, भरलं ५९०. रेरा कायदा २०१६ साली झाला. तेव्हापासून नव्या प्रकल्पांत कार्पेटवरच व्यवहार करायचा नियम आहे. पण जुने फ्लॅट विकताना लोक अजून जुनेच आकडे सांगतात. बंद केलेली बाल्कनी मंजूर नकाशात नव्हती, म्हणून ती खोलीत धरली नाही. फर्निचर धरलं नाही. सोसायटीच्या नावावर इमारतीखालची जमीन झालेली नव्हती. त्याला अभिहस्तांतरण म्हणतात आणि ते झालं नसेल तर इमारत जुनी झाल्यावर पुनर्बांधणीचं घोडं तिथंच अडतं. एक गोष्ट मात्र जमेची निघाली. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र होतं.

ताईनं तो हिशेब मालकांपुढं ठेवला आणि सौदा ३५ लाख ५० हजारांवर आला. शिवाय फ्लॅट तिनं एकटीच्या नावावर घेतला. आपल्या राज्यात १ एप्रिल २०२१ पासून फक्त स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. ताईचे त्यात ३५ हजार ५०० रुपये वाचले. भावोजींनी थोडं तोंड वाकडं केलं, पण आकडा ऐकून सरळ झालं.

सहीचा प्रसंग आज-उद्या तुमच्यावरही येईल. माहेरचं असो वा सासरचं, विकायचं असो वा घ्यायचं, काही गोष्टी आधी करून ठेवा. घराच्या कागदांची एक पिशवी करा आणि ती कुठं आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या. मिळकत पत्रिकेवर किंवा उताऱ्यावर आज कुणाची नावं आहेत ते बघा. गेलेल्या माणसाचं नाव तसंच असेल तर वारसनोंद करून घ्या. घरात एकही बदल करायचा असेल तर आधी परवानगी घ्या, कारण बिनपरवान्याच्या खोलीची किंमत धरत नाहीत. घर विकायला काढण्याआधी रंग आणि टाइल्स यांवर खर्च करायचा असेल, तर आधी गळती आणि ओल बंद करा. कार्पेट किती ते स्वतः टेपनं मोजा. गावभर ऐकलेल्या आकड्यावर भावाशी भांडू नका आणि गप्पही बसू नका. मूल्यांकनकार एकच बोलावा, सगळ्यांनी मिळून. आणि वाटे मोजताना घरातल्या सगळ्या जिवंत माणसांची नावं आधी कागदावर लिहा. घरातल्या म्हाताऱ्या बाईपासून सुरुवात करा.

गेल्या भाऊबीजेला आम्ही दोघी सांगलीला होतो. घराची दुरुस्ती झाली आहे. वायरिंग पाच फुटांच्या वर घेतलं आहे, फरशी नवी आहे, माजघराला पांढरा रंग आहे. दाराआडचा हातभर तुकडा मात्र आईनं रंगाऱ्याला रंगवू दिला नाही. ओवाळून झाल्यावर दादानं ताटात पाकीट ठेवलं आणि म्हणाला, "मोजून घे हं, आता तू फार हुशार झालीस." सगळे हसले. मी मोजलं नाही. पारिजातकाची फुलं ताटात होती, ती तेवढी वेणीत माळली.

आई मिळकत पत्रिकेची नवी प्रत मागत होती. चष्मा लावून तिनं स्वतःच्या नावाची ओळ दोनदा वाचली, घडी घातली आणि आप्पांच्या पेटीत ठेवून दिली.